आठ खिडक्यांची खोली आणि तुमची अर्धवट कादंबरी

तुमच्या मोबाइलमध्ये 'कादंबरी' नावाची एखादी फाइल आहे का? की कपाटात साड्यांच्या खाली एखादी दोनशे पानी वही, जिची पहिली चाळीस पानं भरलेली आणि पुढची कोरी? असेल, तर पुढच्या वेळी बेंगळूरुला लग्नाला, मुलाकडे किंवा ऑफिसच्या कामाला जाल तेव्हा एक दिवस जास्तीचा काढा आणि सकाळच्या गाडीने म्हैसूरला जा. अंतर साधारण १४० किलोमीटर. राजवाडा, वृंदावन, चंदनाचा साबण हे सगळं होईलच. पण आधी स्टेशनवरून रिक्षा करा आणि यादवगिरीला चला. तिथे आर. के. नारायण यांचं घर आहे.

'मालगुडी डेज' म्हटलं की आपल्या पिढीला आधी दूरदर्शनवरची ती धून आठवते, मग शंकर नाग यांची मालिका, आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं. लक्ष्मण आपल्याला जास्त ओळखीचे, कारण त्यांचं आयुष्य मुंबईत आणि शेवटची वर्षं पुण्यात गेली. नारायण हे त्यांचे थोरले भाऊ. यादवगिरीचं दुमजली घर त्यांनी स्वतः बांधून घेतलं होतं. २०११ मध्ये ते पाडायला सुरुवातही झाली होती. शहरातली माणसं मध्ये पडली, पाडकाम थांबलं, डागडुजी झाली आणि २०१६ मध्ये ते संग्रहालय म्हणून सगळ्यांसाठी उघडलं. आत त्यांचे कपडे, चष्मा, पुस्तकं, फोटो, मिळालेले सन्मान मांडून ठेवले आहेत. वेळ आणि साप्ताहिक सुट्टी बदलू शकते, म्हणून निघण्याआधी चौकशी करून घ्या.

पाहायची ती वरची खोली. लिहिण्यासाठी म्हणून मुद्दाम बांधलेली, बाहेर आलेल्या सज्जासारखी, आठ खिडक्यांची. त्या काळी तिथून चामुंडी टेकडी दिसायची, माळावर चरणारी गुरं दिसायची, रेल्वेगाड्या जाताना दिसायच्या. आता आजूबाजूला वस्ती वाढली आहे. तरी त्या खोलीत उभं राहिलं की कुणालाही वाटतंच, 'अशी खोली मिळाली असती तर मीही लिहिलं असतं.'

मीही हे ऐकलं, तेही अगदी जवळून. माझ्याबरोबर माझी मावशी होती. बँकेतून निवृत्त झालेली, बेंगळूरुला लेकीकडे राहणारी. तिच्या पिशवीत एक वही होती, ज्यातली कादंबरी नव्वदाव्या पानावर दोन वर्षं थांबली होती. ती खिडक्या मोजत म्हणाली, "आमच्याकडे एकच खिडकी, आणि तिच्यासमोर वॉशिंग मशीन."

मग मी तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. नारायण यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी, जिच्यावर देव आनंद यांचा 'गाइड' निघाला, ती या खोलीत लिहिलेली नाही. ती त्यांनी १९५६ मध्ये अमेरिकेत, बर्कलीतल्या एका हॉटेलच्या खोलीत मुक्काम ठोकून लिहिली. आणि पहिली कादंबरी लिहिली तेव्हा हे घर नव्हतंच.

ती पहिली कादंबरी कशी सुरू झाली ते ऐकण्यासारखं आहे. साल १९३०. बी. ए. झालेला, नोकरी नसलेला तेवीस वर्षांचा तरुण बेंगळूरुला आजीकडे आलेला. आजीने पंचांग बघून सप्टेंबरमधला एक चांगला दिवस काढून दिला. त्या दिवशी त्याने दुकानातून एक वही आणली आणि लिहायला बसला. काय लिहायचं ते ठरलेलं नव्हतं. पेन चावत बसला असताना त्याला एक छोटं रेल्वे स्टेशन दिसलं आणि त्या स्टेशनाचं नाव मालगुडी होतं.

यातली आजी मला फार आवडते. नातू पोटापाण्याचं काही करत नाही म्हणून घरात बोलणी चालू असणारच. पण तिने त्याला 'मोठा लेखक हो' असं सांगितलं नाही. तिने तारीख दिली, नातवाने वही आणली, आणि दोन्ही गोष्टी त्यांच्या हातातल्या होत्या.

आपण नेमकं उलटं करतो. १ जानेवारीला ठरवतो, 'यंदा कादंबरी प्रसिद्ध करायचीच.' आता सांगा, यात तुमच्या हातात किती आहे? प्रकाशक तुमच्या हातात नाही, त्याचा कागदाचा खर्च तुमच्या हातात नाही, वाचक तर नाहीच नाही. नारायण यांचं हस्तलिखित विलायतेतल्या एकामागून एक प्रकाशकांकडून परत आलं. शेवटी वैतागून त्यांनी ऑक्सफर्डमधल्या मित्राला कळवलं की त्याला दगड बांध आणि थेम्समध्ये बुडव. मित्राने तसं केलं नाही. त्याने ते ग्रॅहम ग्रीन यांना वाचायला दिलं. ग्रीन यांच्या शब्दावर १९३५ मध्ये 'स्वामी अँड फ्रेंड्स' लंडनहून निघाली. मित्र भेटणं हा योग होता. वही पूर्ण भरलेली असणं हा योग नव्हता. अर्धी वही मित्राने कुणाला दाखवली असती?

म्हणून ध्येय ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा: हे आज रात्री झोपण्याआधी माझं मला करता येईल का? 'रोज तीनशे शब्द' करता येतं. 'आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास खुर्चीत' हेही करता येतं. 'पुरस्कार' करता येत नाही.

योगायोग बघा, ज्यांनी नारायण यांना हात दिला ते ग्रीन स्वतः शब्द मोजणारे गृहस्थ होते. दिवसाला पाचशे शब्द, मग थांबायचं, आणि वय वाढलं तसा त्यांनी हा आकडा कमी केला. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडच्या टपाल खात्यात नोकरी करणारे अँथनी ट्रोलप होऊन गेले. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला २५० शब्द, आणि मग न्याहारी करून कामाला. नवी कादंबरी घेतली की ते आठवड्यांचे रकाने आखलेली एक रोजनिशी करत आणि रोज किती पानं झाली ते लिहीत. एखाद्या दिवशी आळस केला तर तो आळस रकान्यातून त्यांच्याकडे टक लावून बघत बसे. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या.

मावशीला ट्रोलप लगेच पटले. "दिवसअखेर बॅलन्स जुळलाच पाहिजे, त्याशिवाय घरी जायचं नाही, तसंच की हे." नारायण यांच्यापेक्षा तिला हा टपालवाला जवळचा वाटला, हे मला तिथे, नारायण यांच्याच घराच्या पायरीवर बसून ऐकावं लागलं.

पण आकडा उचलताना सावध. इंटरनेटवर तुम्हाला सगळीकडे १,६६७ हा आकडा दिसेल. तो अमेरिकेत १९९९ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमातून आला आहे. नोव्हेंबर महिन्यात ५०,००० शब्द लिहायचे, म्हणून रोजचे तितके. तो हिशेब इंग्रजीचा आहे. आपली भाषा शब्दांना शेपट्या जोडते. इंग्रजीत 'घरासमोरच्या झाडाखाली' म्हणायला सहा-सात शब्द खर्च होतात, आपलं दोन शब्दांत उरकतं. म्हणजे मराठीतले तीनशे शब्द हे दिसतात त्याहून जास्त काम असतं. शिवाय डबे, शाळेची बस, सासऱ्यांची औषधं हेही आहेच. तीनशे शब्द, आठवड्याचे पाच दिवस, चाळीस आठवडे. साठ हजार शब्द झाले, आणि वर्षातले बारा आठवडे अजून शिल्लक आहेत. दिवाळी, परीक्षा, आजारपण, लग्नं त्यात बसवा. साठ हजार शब्दांची कादंबरी बारीक म्हणत नाहीत.

कुणी म्हणेल, साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, ९ ते १३ फेब्रुवारी १९३३. खरं आहे. पण त्या पाच दिवसांमागे सगळं बालपण उभं होतं. ज्याच्या आत तेवढं साठलेलं आहे त्याने खुशाल पाच दिवसांत लिहावं. बाकीच्यांनी कॅलेंडर घ्यावं.

कॅलेंडरवर काय लिहायचं? फक्त आकडा. 'छान झालं', 'मूड नव्हता' असं काही नको, कारण लेखकाला स्वतःच्या मूडवर लिहायला फार आवडतं आणि त्यातच तीनशे शब्द संपतात. मोबाइलवर शब्द मोजणारी ॲप्स आहेत, त्यांना माझी ना नाही. पण सलग दिवस मोजून, एक दिवस चुकला की साखळी तुटल्याचं दाखवणारी ॲप्स मला आवडत नाहीत. शून्य ही नोंद आहे, दंड नव्हे.

हे मी यादवगिरीच्या घरातच जास्त समजून घेतलं. तिथे भिंतीवरच्या पुस्तकांच्या साली बघत जा. १९३५ ला पहिली, १९३७ ला दुसरी, १९३८ ला तिसरी. आणि पुढची थेट १९४५ ला. मधली सात वर्षं काय झालं? १९३९ मध्ये त्यांची पत्नी राजम विषमज्वराने गेली. लग्नाला जेमतेम पाच वर्षं झालेली, मागे लहान मुलगी. कादंबरी लिहिणं थांबलं. मधल्या काळात त्यांनी 'इंडियन थॉट' नावाचं नियतकालिक काढून पाहिलं, ते फार चाललं नाही. मग १९४५ मध्ये जी कादंबरी आली, 'द इंग्लिश टीचर', ती पत्नी गमावलेल्या शिक्षकाची आहे.

मावशी त्या सालींपाशी बराच वेळ उभी होती. तिची कादंबरी ज्या दोन वर्षांत थांबली, त्याच दोन वर्षांत काका आजारी होते आणि मग गेले. मी काही बोलले नाही. तिने वही काढली, नव्वदाव्या पानाच्या तळाशी दोन्ही सालं लिहिली, त्यांच्यापुढे शून्य लिहिलं आणि रेघ मारली. बँकेत खातं पुढच्या पानावर नेताना मारतात तशी.

दुपार कलली की कुक्करहळ्ळी तळ्यावर जा. विद्यापीठाच्या परिसराला लागून आहे. नारायण तरुणपणी इथे पुस्तक घेऊन यायचे, संध्याकाळचं आकाश बघत बसायचे. आजही लोक फेऱ्या मारतात. झोळीवाले पाणपक्षी आणि चित्रबलाक दिसतात, नशीब असेल तर भरपूर. नारायण रोज गावात पायी भटकत आणि भेटेल त्याच्याशी गप्पा मारत. मालगुडीतला छापखानावाला, मिठाईवाला, कर्ज मिळवून देणारा मार्गय्या हे अशा भटकण्यातूनच येतात. तेव्हा तुमच्या तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा, चालण्याचा. मात्र हा रकाना शब्दांच्या रकान्यात मिळवायचा नाही. 'आज लिहिलं नाही, पण विचार केला' हे वाक्य मोठं गोड असतं आणि त्यावर अनेक कादंबऱ्या झोपलेल्या आहेत.

गुडघे ठीक असतील तर दुसऱ्या दिवशी पहाटे चामुंडी टेकडी पायऱ्यांनी चढा. हजाराच्या आसपास पायऱ्या आहेत. अर्ध्याहून बरंच वर गेल्यावर सतराव्या शतकातला अखंड दगडाचा प्रचंड नंदी लागतो. सगळे तिथे थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात. काही जण तिथूनच खाली उतरतात आणि त्यांचंही दर्शन झालेलं असतं. साठ हजार शब्दांच्या वाटेवर असा एक नंदी ठेवा. पंधरा हजारांवर एक, तीस हजारांवर एक. तिथे पोहोचलात की घरातल्या एका माणसाला वाचायला द्या, एकालाच. सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

चार दिवस हाताशी असतील तर शिवमोग्ग्याच्या बाजूला, अरसाळूला जा. मालिकेत मालगुडी म्हणून दाखवलेलं स्टेशन ते हेच, आणि २०२० पासून तिथे छोटं संग्रहालय आहे. पुढे आगुंबे, जिथे मालिकेचं बरंच चित्रण झालं. पावसाळ्यात गेलात तर छत्रीचा उपयोग होत नाही, रेनकोट न्या.

मावशीने परतीच्या गाडीत माझ्या मोबाइलवर कॅलेंडर उघडून शनिवार-रविवार लेकीच्या घरासाठी सोडले आणि आकडा ठरवला: दोनशे. मी तीनशे म्हणत होते. ती म्हणाली, "कर्ज फेडता येईल एवढंच काढावं." वॉशिंग मशीन तिथेच आहे. ते सुरू असतं तेवढा वेळ ती लिहिते. मागच्या आठवड्यात तिने मला पाठवलेली नोंद अशी होती: सोमवार २१०, मंगळवार ०, बुधवार ३४०, गुरुवार १९५, शुक्रवार २०५. खाली लिहिलं होतं, 'मंगळवारी लाइट नव्हती, मशीन बंद.'