काटा कोणत्या हातात?

माझं लहानपण धुळ्याला आजोळी गेलं. नानी दस्तरख्वान अंथरायची आणि आम्ही चार-पाच पोरं एकाच मोठ्या थाळीभोवती बसायचो. कुणी पलीकडची बोटी ओढली की तिची चापट बसायची, "बेटा, अपने सामने से खा!" पुढे मोठेपणी वाचलं की, बिस्मिल्लाह म्हण, उजव्या हाताने खा, आपल्या पुढचं खा, हे तीन अदब प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या घरात वाढणाऱ्या लहानग्या उमर बिन अबी सलमा (रजि.) यांना शिकवले होते.

गेल्या वर्षी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीने आम्हा दोघांना जळगावहून बोलावलं. तिच्या कंपनीने आईवडिलांसाठी एका मोठ्या हॉटेलात जेवण ठेवलं होतं. फोनवर ती चाचरत म्हणाली, "अब्बू, तिथं काट्याचमच्याने खातात." वांग्याचं भरीत आणि भाकरी बोटांनी खाणाऱ्या बापाची हिला लाज वाटते की काय, ही बोच घेऊनच मी गाडीत बसलो.

तिथे तिने हळूच सगळं सांगितलं. रुमाल मांडीवर घ्यायचा. काटे-सुऱ्या बाहेरच्या बाजूने आत, या क्रमाने उचलायच्या. डावीकडची ब्रेडची ताटली आपली, उजवीकडचा पाण्याचा ग्लास आपला. जेवण झालं की सुरी-काटा प्लेटमध्ये शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे वेटर समजतो. मला नानी आठवली. आपल्या पुढचंच घ्यायचं, हे इथेही होतंच की!

वेटर आला तेव्हा मी विचारलं, "चिकन हलाल आहे का?" मुलगी गोरीमोरी झाली. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "खात्रीने सांगता येत नाही, साहेब." मग आम्ही मासा मागवला. सॉसमध्ये वाइन नाही ना, तेही विचारून घेतलं आणि टेबलावरचे वाइनचे ग्लास उचलायला सांगितले. त्याने हसून उचलले.

आता सुरी उजव्या हातात, काटा डाव्या. म्हणजे घास डाव्या हाताने! क्षणभर थांबलो. मग मासा कापला, सुरी ठेवली, काटा उजव्या हातात घेतला आणि बिस्मिल्लाह म्हणून खाल्लं. कुणी वळूनही पाहिलं नाही. अमेरिकेत पुष्कळ लोक असाच हात बदलून खातात, हे मुलीनेच नंतर सांगितलं.

परतताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अब्बू, दोन वर्षं मी अशा जेवणात पोट बिघडलंय सांगून नुसतं सलाड खाते. विचारलं तर लोक हसतील असं वाटायचं."

तिला माझी लाज वाटत नव्हती. ती स्वतःच संकोचाने उपाशी राहत होती आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

आता ती आदल्या दिवशीच हॉटेलला फोन करून विचारून घेते. आपल्या मुला-मुलींना काटा-सुरी जरूर शिकवावी. त्याबरोबर नम्रपणे विचारायलाही शिकवावं. तोही अदबच आहे.