भिंतीपलीकडचे रडणे

नागपूरहून वर्ध्याला जाताना सेलू तालुक्यात केळझर गाव लागते. तेथील टेकडीवरचे सिद्धिविनायकाचे मंदिर विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते, आणि महाभारतातील एकचक्रानगरी ती हीच, अशी परिसरातील लोकांची पूर्वापार समजूत आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव येथे वेष पालटून एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, आणि भीमाने बकासुराला येथेच मारले, असे गावकरी सांगतात.

ही कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. परंतु भीमाच्या पराक्रमाआधी तीत एक लहानसा प्रसंग येतो. त्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. नगरीने राक्षसाशी व्यवहार ठरवून टाकला होता. पाळीपाळीने एकेका घराने गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठवायचा. ज्याची पाळी, त्याच्या घरी आकांत. बाकीची नगरी निर्धास्त. अन्यायाची एकदा पाळी बांधून दिली, की तो अन्याय वाटेनासा होतो, रीत वाटू लागतो. कुंतीने मात्र भिंतीपलीकडचे रडणे ऐकले आणि आत जाऊन कारण विचारले. भीम नंतर आला. आधी कोणीतरी विचारले.

२००६ सालच्या उन्हाळ्यात आम्हाला केळझरच्या पुढे आडरस्त्यावरील एका खेड्यात जावे लागले. आमच्या वसतिगृहात शिकणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी कीटकनाशक पिऊन जीवन संपविले होते. आम्ही तेव्हा पस्तिशीचे, सेमिनरीतील अभ्यासाचा ताजेपणा अजून अंगावर असलेले. आमच्याबरोबर एका वृत्तपत्राचे वार्ताहर होते. सांत्वनाचे चार शब्द बोलून झाल्यावर आम्ही त्या माउलीला विचारले, “ते दारू घेत असत का?”

ती काही बोलली नाही. मुलगा उंबऱ्याशी बसला होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

मग वार्ताहर जमिनीवर मांडी घालून बसले. पऱ्हाटी किती एकर होती, बियाण्याची पाकिटे किती घेतली, कापूस कोणत्या भावाने गेला, कर्ज बँकेचे की सावकाराचे, सातबारा कोणाच्या नावावर, असे ते एकेक विचारीत गेले आणि ती माउली एकेक सांगत गेली. सातबारा सासऱ्याच्या नावावर होता. म्हणजे सरकारी नियमानुसार मेलेला माणूस शेतकरीच नव्हता, आणि एक लाख रुपयांच्या मदतीस कुटुंब ‘अपात्र’ ठरणार होते. निघताना ती आम्हाला एवढेच म्हणाली, “फादर, पयले भाव इचारा न जी, दारू मंग इचारा.”

दिवाळीच्या सुटीत घरी गेलेला तो मुलगा वसतिगृहात परतला नाही. आम्ही निरोप धाडला, उत्तर आले नाही.

पुढे आम्ही वाचू लागलो. २००५ साली कापूस एकाधिकार खरेदीत हमीभावावर मिळणारा क्विंटलमागे ५०० रुपयांचा आगाऊ बोनस बंद झाला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्याच वर्धा जिल्ह्यातील डोरली गावाने ‘गाव विकणे आहे’ असे फलक लावले. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्या सहांत वर्धा होता. हे सारे वर्तमानपत्रांत छापून येत होते. आम्हीच ते शेतीचे पान म्हणून उलटीत होतो.

पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या काळातील एक विसंगती दाखवून दिली. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनाला ५१२ मान्यताप्राप्त पत्रकार होते. विदर्भातील आत्महत्यांसाठी बाहेरून आलेले जेमतेम सहा. त्या सोहळ्यात सुती वस्त्रे मिरवली जात होती, आणि कापूस पिकविणारे तासाभराच्या विमानप्रवासावर मरत होते. शेत कसणाऱ्या स्त्रियांच्या नावे जमीन नसल्याने त्यांचे मरण शेतकऱ्याचे म्हणून मोजलेच जात नाही, हेही साईनाथ यांनी सांगितले. मोजणीतून माणूस वगळला की दुःखाचा हिशेबही मिटतो. नागपूरचे पत्रकार जयदीप हर्डीकर यांनी २०२१ साली शेतीच्या अरिष्टावर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याला मरणाच्या दारातून परतलेल्या एका शेतकऱ्याचेच नाव दिले: ‘रामराव’.

ते शीर्षक वाचताना आम्हाला संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणूस आणि लाजरस यांचा दाखला आठवला. त्यावर आम्ही कितीदा प्रवचन केले असेल! प्रभू येशूने त्यात गरिबाला नाव दिले आहे, श्रीमंताला नाही. आपले जग नेमके उलटे करते. श्रीमंतांची नावे आपल्याला पाठ असतात. दारातला मात्र ‘एक भिकारी’, ‘एक दारुडा’, ‘एक अपात्र’. आणि त्या श्रीमंताने लाजरसाला मारझोड केल्याचे दाखल्यात कुठेही नाही. त्याने फक्त काही विचारले नाही.

२०२१ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी पत्रकारांना सांगितले होते, की खुर्ची सोडा, चपला झिजवा, लोकांना भेटा. तो संदेश आम्हा धर्मगुरूंनाही तितकाच लागू आहे, असे आम्हाला वाटते. सर्वच पत्रकार तसे वागतात असे नव्हे. मृताच्या घरी छायाचित्रासाठी बाईला पुन्हा रडायला लावणारेही आम्ही पाहिले आहेत. पण त्या दिवशीचे वार्ताहर ज्या क्रमाने प्रश्न विचारीत गेले, तो क्रम आम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात शिकायला मिळाला नव्हता. गरीब का गरीब आहे, याचे उत्तर आम्ही मनात घेऊनच त्या घरात शिरलो होतो. ते रिकाम्या वहीने शिरले.

नागपूरला जाताना केळझरची टेकडी दिसली, की आजही आम्हाला उंबऱ्याशी बसलेला तो मुलगा आठवतो. आता तो तिशीत असेल. कुठे भेटलाच, तर त्याची क्षमा मागायची आहे, आणि मग विचारायचे आहे: “बाळा, यंदा कापसाला भाव काय मिळाला?”