दक्षिण टायरॉलची दैनंदिनी : डोंगर तेच, देश दुसरा

सोमवार, ब्रेनर खिंड

इन्सब्रुकहून निघालेली गाडी ब्रेनरला थांबली. स्टेशनच्या पाटीवर गाव एक आणि नावं दोन : ब्रेनेरो, ब्रेनर. ऑस्ट्रिया मागे पडला, इटली लागली, तरी डब्यातल्या गप्पा जर्मनमध्येच चालू होत्या. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरला आणि १९१९च्या तहाने खिंडीच्या दक्षिणेकडचा टायरॉल इटलीला मिळाला. इथल्या माणसांना कुणी विचारलंच नाही.

मंगळवार, बोल्झानो

सकाळी विजयस्मारक पाहिलं. मुसोलिनीच्या काळात, १९२८ साली उभारलेलं. दर्शनी भागावरचा लॅटिन मजकूर सांगतो की भाषा, कायदे आणि कला इतरांना आम्हीच शिकवल्या. ज्यांची भाषा मोडून काढायची होती, त्यांच्याच शहरात हे कोरलेलं! जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची नावं बदलली, थडग्यांवरही जर्मन अक्षरं नकोत असा हुकूम निघाला. तेव्हा तरुण मुली शेतघरांत, माळ्यांवर चोरून मुलांना जर्मन शिकवत. पुढे १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनीने पेच टाकला : भाषा हवी तर जर्मनीत जा, घर हवं तर इटालियन व्हा. बहुतेकांनी जायचं ठरवलं, सुमारे ७५ हजार खरोखर गेले. राहिलेल्यांना शेजाऱ्यांनीच गद्दार ठरवलं. माणसाला आई आणि घर यांतून एक निवडायला लावणं ही निष्ठेची परीक्षा नव्हे, तो छळ आहे.

स्मारक पाडलेलं नाही. त्याच्या तळघरात २०१४पासून हा सगळा इतिहास मांडला आहे आणि एका खांबाभोवती दिव्यांचं कडं फिरवलं आहे. मला हे पाडण्यापेक्षा धाडसाचं वाटलं.

बुधवार, बोल्झानो

घरमालकीण आजींना मी विचारलं, तुम्ही इटालियन का? त्या म्हणाल्या, पासपोर्ट इटलीचा, पण माणूस टायरॉलची. त्यात कडवटपणा नव्हता. एकेकाळी मात्र तो होता : जून १९६१मध्ये इटलीवरच्या रागातून एका रात्रीत इथले विजेचे कितीतरी मनोरे स्फोटांनी कोसळले होते. मग १९७२ची स्वायत्तता आली. आज कराचे दहातले नऊ हिस्से प्रांतातच राहतात, सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात मिळतात आणि त्यासाठी दोन्ही भाषांची परीक्षा द्यावी लागते. आजींचा नातू टेनिसपटू यानिक सिनरचा भक्त. सेक्स्टनच्या जर्मनभाषक घरातल्या या मुलाने २०२३मध्ये इटलीला डेव्हिस चषक मिळवून दिला, तेव्हा घरात जल्लोष झाला म्हणे.

दटावून जी निष्ठा मिळाली नाही, ती हक्क दिल्यावर आपसूक वाढीला लागली, असं मला ठामपणे वाटतं. एक गोष्ट मात्र खटकते. जर्मन आणि इटालियन मुलांच्या शाळा अजून वेगळ्या आहेत. हक्क शाबूत राहिले, पण मुलं एका बाकावर आली नाहीत. उद्या गार्देना खोऱ्यात जाणार आहे. तिथल्या लादिन या तिसऱ्या भाषिक गटाच्या शाळांत जर्मन आणि इटालियनला सारखेच तास असतात, लादिनही शिकवतात. तिन्ही भाषा घेऊन वाढणाऱ्या मुलांना भेटायचंय.