बोरामणीच्या तारेवर

२२ सप्टेंबर, रविवार
पक्षीमोजणीची बैठक झाली. निम्मेच आले, तेही चहाच्या वेळेला. सगळ्यांना हिप्परगा तलावच हवा. गाडी काठापर्यंत जाते, झाडाची सावली आहे, बसल्या जागी यादी भरते. म्हटलं, तलावावर वर्षभर कुणी ना कुणी असतंच. माळावर कोण जाणार? सगळे बिस्किटं घेण्यात गुंतले.

२५ सप्टेंबर
परतीचा पाऊस. ज्वारीची पेरणी अडली. आमचं सगळंच अडलं.

२९ सप्टेंबर, रविवार
नकाशा जमिनीवर पसरून वाटण्या केल्या. नान्नज-मार्डी, हिप्परगा, होटगी, हत्तरसंग कुडल, बोरामणी. एका वाटेला किमान दोघं. साळुंक्या, होले, चिमण्याही मोजायच्या.
गटातले डॉक्टर चिडले. "साळुंक्या मोजायला पहाटे चारला उठू?" उठा म्हटलं. दुर्मीळ पक्षी पाटी लावून येत नाही, रोजच्यांत मिसळून येतो.
एका नव्या मुलाने विचारलं, माळढोक दिसेल का? माळढोकचं अभयारण्य १९७९ चं. कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, ते १,२२२ वर आणलं. पक्षी त्याआधीच आटला होता. त्याला एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, धाविक बघ, तोही माळाचाच.
बोरामणी कुणी घेईना. शेवटी एसटीतले काका आणि बी.एस्सी.ची मुलगी तयार झाले. दोघांत एकच दुर्बीण.

२ ऑक्टोबर
सर्वपित्री. गल्लीभर गच्च्यांवर पानं मांडलेली. कावळे हिंडून हिंडून दमले असतील. आमच्या पानाला शिवला तो दुपारी दोनला.

४ ऑक्टोबर
घोळ. बारा तारखेला जागतिक स्थलांतरित पक्षी दिन, त्याच दिवशी दसरा. फोनवर फोन. कुणाकडे ट्रॅक्टरची पूजा, कुणाच्या दुकानाची, कुणाला रूपाभवानीला जायचंय. मोजणी तेराला ठरवली. पाखरं तोवर थांबणार आहेत का? मध्य आशियातून आफ्रिकेला निघालेली. आपला जिल्हा म्हणजे त्यांच्या वाटेवरचा एक थांबा, तोही मर्जी असली तर.

९ ऑक्टोबर
काकांचा फोन, ड्युटीवरूनच. नळदुर्ग गाडीच्या खिडकीतून बोरामणीच्या अलीकडे तारेवर नीलपंख दिसला. "ताई, छातीला तपकिरी नाही हो. सगळा निळाच." गाडी थांबवता येईना. मोबाइलवर काढलेल्या फोटोत खांब स्पष्ट, पक्षी म्हणजे एक डाग.
डॉक्टरांचं मत : आपला भारतीय नीलपंखच, उजेडाचा खेळ. असेलही. पण युरोपीय नीलपंख जायचे हेच दिवस. त्यात यंदाची पिल्लं मळकट रंगाची, छातीवर पुसट रेघा. बसलेल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उडू द्यावा. आपल्याच्या पंखात फिकट निळा पट्टा चमकतो. युरोपीयाचे पंख मागच्या कडेला सलग काळे.
झोप नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
शेजारच्या पद्मशाली आजींना दसऱ्याला नीलपंखाचं दर्शन हवं होतं. त्या त्याला पालपिट्टा म्हणतात. तिकडे तेलंगणात काही जण पिंजऱ्यात घालून दारोदार आणतात, दर्शनाचे पैसे घेतात. म्हटलं, आजी, स्कूटरवर बसा. मार्डी रस्त्याला तारेवर मिळाला, आपला नेहमीचा. आजींनी चप्पल काढून हात जोडले. मी तेवढ्यात छाती बघून घेतली. तपकिरी.

१३ ऑक्टोबर, रविवार
पहाटेच सगळे आपापल्या वाटेला. दहानंतर ऊन असं की दुर्बिणीत माळ नुसता हलतो.
नान्नज : धाविक सात. भोवत्या तीन, त्यात एका पिल्लाच्या मानेला स्वच्छ फिकट पट्टा, म्हणजे पांढुरका.
हिप्परगा : भरपूर, नेहमीचं.
कुडल : पुलावर गर्दी, फार काही नाही.
होटगी : दुसरा आलाच नाही, एकट्याची नोंद.
बोरामणी : चंडोल, तिरचिमण्या, वेडे राघू, नीलपंख चार, चारही आपले. मुलीने प्रत्येकापुढे लिहिलंय, "उडेपर्यंत थांबलो." एकासाठी चाळीस मिनिटं.

१४ ऑक्टोबर
डॉक्टर : एवढी माणसं हलवून मिळालं काय? पाच वाटांवर काय नाही ते मिळालं, म्हटलं. हसले. मी गंमत करत नव्हते.
मार्डीच्या कागदात, तिकडे गेलेल्या गुरुजींनी तणमोर लिहिलाय. एकच शब्द. फोन केला. केवढा? मान कशी? उडाला का? "तीस वर्षं माळ तुडवतोय मी, आता परीक्षा घेणार?" सोबतच्याने काही पाहिलेलं नाही. नोंदीपुढे प्रश्नचिन्ह घातलं. त्यांना कळलं. ग्रुपमधून बाहेर पडले.

१६ ऑक्टोबर
कोजागिरी. दूध आटवलं. रातवे ऐकायला येणार होते त्यांतले दोघं निवडणुकीच्या कामाला जुंपले.

२० ऑक्टोबर, रविवार
सकाळी सात. मुलीला मेंढपाळ मामांचा फोन : "तुझं निळं पाखरू आलंय बघ." तिने त्यांना नंबर देऊन ठेवला होता, मला सांगितलंही नव्हतं.
आठच्या आत पोचलो. मेंढरं चरत पुढे सरकत होती, त्यांच्या पायांतून नाकतोडे उडत होते. तारेवर तो. डोकं, मान, पोट एकाच फिक्या निळ्यात, गळ्याशी जरा धुरकट. पाठ विटकरी. चोच जड. दोघींनी वह्या वेगवेगळ्या लिहायच्या ठरलं, बोलायचं नाही. तो खाली झेपावला, नाकतोडा धरला, तारेवर आपटून गिळला. पंख दोनदा पूर्ण उघडले. पुढे निळे, मागे काळे. पट्टा नाही.
वह्या उघडल्या. तिचं माझ्यापेक्षा नेमकं. शेपटीचंही लिहिलंय, माझं राहिलं.
काका ड्युटीवर. फोन केला तर मागून घंटी, "नळदुर्ग, नळदुर्ग", आणि मग नुसतं हसणं.

रात्री
डॉक्टरांना सांगायचं की नाही? गेल्या हिवाळ्यात फोटोवाल्यांच्या गाड्या गवतात घुसल्या, चाकोऱ्या अजून दिसतात. मुलगी म्हणते, नको. काका म्हणतात, पुरावा लागेल. सांगितलं. अट : गाडी हमरस्त्याला, तिथून पायी, मेंढरांच्या मागेच राहायचं.

२१ ऑक्टोबर
डॉक्टर पायी गेले. ती कॅमेऱ्याची तोफ खांद्यावर घेऊन! उघड्या पंखांचा फोटो आणला. काळी कड एकेक पीस मोजावं अशी. फोटोखाली पहिलं नाव काकांचं टाकलं, दुसरं मामांचं. माणूस वाईट नाही.

२२ ऑक्टोबर
तारेवर कोतवाल.

२७ ऑक्टोबर
मामांसाठी जुनी दुर्बीण दुरुस्तीला दिली. गुरुजी फोन उचलत नाहीत.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
गुरुजींकडे फराळाचा डबा पाठवला.

३ नोव्हेंबर, रविवार
डबा परत आला, शेंगापोळ्या भरून. वर घडी घातलेला कागद, पाटीवर गिरवावं तसं अक्षर : "मार्डी. कोंबडीएवढा. मान बारीक, पाय लांब. तुरीतून निघून गवतात शिरला. चार-पाच सेकंद. उडाला नाही."
शेवटचे दोन शब्द लिहायला किती जड गेले असतील. प्रश्नचिन्ह ठेवलं, वर्णन शेजारी उतरवून घेतलं.
परवापासून पक्षी सप्ताह, चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. भोवत्या रात्रीला गवतात कुठे उतरतात ते मोजायचंय. मार्डी गुरुजींना दिली, सोबत बी.एस्सी.ची मुलगी. ती प्रश्न विचारणारच. आधी सांगून ठेवलंय दोघांना.