अक्कलखाती जमा करू नका



बैल विकत घ्यायचा तर आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, मगच दाव्याला हात लावतो. वांगी घेतानासुद्धा हाताने चाचपून घेतो. आता मात्र मोबाईलच्या पडद्यावरचा बाजार घरात आला आहे. या बाजारात आधी चित्र दिसते, मग पैसे जातात आणि वस्तू सर्वांत शेवटी हाती पडते. म्हणजे दात बघायची वेळ येते तेव्हा बैल आपल्या दावणीला आणि पैसे व्यापाऱ्याच्या कनवटीला गेलेले असतात. अशा वेळी काय करावे, ते आमच्या घरी गेल्या श्रावणात जे घडले त्यावरून सांगते.

आमची पाच एकर कोरडवाहू जमीन. तीन एकर कपाशी, बाकी तूर आणि सोयाबीन. जुना हातपंप मामंजींच्या खांद्याला झेपेना, म्हणून मोबाईलवरून बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा पाठीवरचा पंप मागवला. किंमत ३,४५० रुपये, तीही यूपीआयने आधीच भरलेली. खोक्यावर नामांकित कंपनीचे नाव होते. तीन दिवस पंप बरा चालला. चौथ्या दिवशी निम्मे वावर व्हायच्या आत बंद पडला. रात्रभर चार्जिंगला लावला तरी दोन टाक्यांच्या पुढे जाईना. कीड काही आपल्यासाठी थांबत नाही, तेव्हा शेजारचा पंप मागून वेळ भागवली.

आमच्या ह्यांनी लगेच निकाल देऊन टाकला, "जाऊ दे, अक्कलखाती जमा कर. गावात बोललीस तर लोक हसतील."

मंडळी, खोटा माल विकणाऱ्याचे खरे भांडवल हेच आहे. आपण लाजेने गप्प बसणार, हे तो धरूनच चालतो. ३,४५० रुपये म्हणजे आमच्याकडच्या दराने एका बाईची अकरा-बारा दिवसांची खुरपणी. ती अशी सोडून द्यावी, हे माझ्या मनाला पटेना.

त्याच दिवशी मी खोक्याचे, लेबलचे आणि पंपावरच्या नंबराचे फोटो काढले. पंप चालू होऊन बंद पडतो, त्याचा व्हिडिओ घेतला. बिल आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हिशेबाच्या वहीत उतरवला. मग ज्या ॲपवरून पंप घेतला त्याच ॲपवर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांकही वहीत लिहिला. उत्तर आले, "तंत्रज्ञ येईल." कोणी आले नाही. आठव्या दिवशी मात्र निरोप आला, "तुमची अडचण दूर झाली आहे, वस्तू परत करण्याची मुदत संपली आहे." अडचण अजून ओसरीवर उभी होती!

तालुक्याला त्याच नामांकित कंपनीचे दुकान आहे. पंप तिथे नेऊन दाखवला. दुकानदाराने नंबर तपासला आणि म्हणाला, "ताई, हा आमच्या कंपनीचा मालच नव्हे. नुसते नाव चिकटवले आहे." मी म्हटले, "हेच कागदावर लिहून शिक्का मारून द्या." तोंडचे बोलणे वाऱ्यावर जाते, शिक्क्याचा कागद पुढे कामाला येतो. आमच्याही तो आला.

मधल्या काळात धाकट्या भाऊजींनी मोबाईलवर शोधून कंपनीचा म्हणून एक नंबर काढला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. म्हणाला, "पैसे आत्ता परत करतो. मी पाठवतो ते ॲप घ्या, आणि मागेल तिथे तुमचा पिन टाका." सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पैसे देणार तो, मग किल्ली आपल्या पेटीची कशाला?" भाऊजींनी फोन ठेवला. सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण लाखाचे बोलल्या. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. कंपनीचा नंबर तिच्या स्वतःच्या ॲपवरून किंवा बिलावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या नंबरामागे चोरही बसलेला असतो.

मग बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी नीट समजावले. पैसे चोरीला जाणे वेगळे आणि आपण स्वतः दिलेल्या पैशाचा माल खोटा निघणे वेगळे. आमचा व्यवहार आम्हीच पिन टाकून केलेला, म्हणून बँक तो आपल्या अधिकारात उलटवू शकत नव्हती. कार्डाने पैसे भरले असते तर वादग्रस्त व्यवहाराचा अर्ज बँकेत देता आला असता. त्याला चार्जबॅक म्हणतात, आणि त्यालाही ठरावीक मुदत असते. पण खात्यातून आपल्या नकळत किंवा कोणी फसवून पैसे काढले, तर मात्र एक मिनिट न दवडता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. तक्रार जितकी लवकर, तितका तो मध्येच अडवला जाण्याचा संभव जास्त.

आमचे गाऱ्हाणे मालाचे होते, म्हणून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येते. बाईंनी सगळे शांतपणे लिहून घेतले आणि तक्रारीचा क्रमांक दिला. एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही हेल्पलाईन म्हणजे न्यायालय नव्हे, ती हुकूम सोडत नाही. ती आपली तक्रार कंपनीपुढे ठेवते आणि उत्तर मागते. पण एरवी आपल्याला दाद न देणारी कंपनी तेवढ्यानेही पुष्कळदा जागी होते. आम्ही फोटो आणि दुकानदाराचा शिक्क्याचा कागद जोडला. सहाव्या दिवशी कंपनीचाच फोन आला, माणूस येऊन पंप घेऊन गेला, आणि पुढच्या आठवड्यात ३,४५० रुपये खात्यात जमा झाले.

तिथेही काम झाले नसते तर पुढची वाट होती. १९८६ चा ग्राहक कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २०२० च्या जुलैत लागू झाला. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पूर्वी पुष्कळदा कंपनीच्या गावी धाव घ्यावी लागे, आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जावे. आयोगाचा निकाल लागायला वेळ लागतो, हेही खरे. म्हणून आधीची दारे ठोठावून घ्यावीत.

कोणी म्हणेल, "तुम्ही पंप धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहक कसले?" त्याला घाबरू नका. स्वतः कष्ट करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने धंद्याची खरेदी धरली जात नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने आंध्रातल्या बियाण्याच्या खटल्यात शेतकऱ्याला ग्राहक मानले आहे. आणि ही चळवळ आपल्याला परकी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा देशात ग्राहकाचा असा कायदाही नव्हता.

तेव्हा माझे सांगणे एवढेच. खोके आल्यावर ते उघडतानाच व्हिडिओ काढा. बिल, व्यवहार क्रमांक आणि तक्रार क्रमांक एका वहीत तारखेसह लिहा. वस्तू बिघडली की त्याच दिवशी कळवा, आणि फोनवर बोललात तरी लेखी निरोप पाठवा. वाद मिटेपर्यंत वस्तू खोलू नका, दुरुस्तीला देऊ नका, खोकेही फेकू नका. पिन आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

आता आमच्या आळीत कोणाची वस्तू खोटी निघाली की बायका आमच्या ओसरीवर येतात. चहा होतो आणि वही उघडली जाते. पहिले वाक्य बहुतेकींचे एकच असते, "वहिनी, सांगायलाच लाज वाटते हो." मी म्हणते, बाई गं, पैसे तू घामाचे दिलेस आणि खोटा माल त्याने दिला. मग लाज कोणी धरायची?