शेजारच्या वाटेचं अंतर

पाटणादेवीला खानदेशातली माणसं नवस फेडायला जातात. अवकल भूमिती शिकणाऱ्या पोरांना मी तिथं नेतो ते दुसऱ्या कारणासाठी. चाळीसगावजवळच्या या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला. आजोबांचे ग्रंथ, त्यातही आधी ‘सिद्धान्तशिरोमणी’, शिकवले जावेत एवढ्यासाठी. हे सांगणारा शिलालेख १२०७ चा आहे. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून मठाच्या उत्पन्नाची तरतूद त्यात आहे. गणित शिकवायचं तर शिकवणाऱ्याच्या पोटाची सोय हवी, हे तेव्हाच्या लोकांना कळत होतं याचं मला फार अप्रूप वाटतं.

देवळाच्या आवारात सावली बघून बसलो की मी ज्याकोष्टक बाहेर काढतो. गोलाचं पृष्ठफळ कसं काढायचं हे समजावताना भास्कराचार्य मातीचा किंवा लाकडाचा गोल घ्यायला सांगतात. त्याचा परीघ २१,६०० कला माना. माथ्यावर एक खूण करा. खुणेपासून गोलाच्या अंगावरूनच २२५ कला मोजून वर्तुळ काढा, मग दुप्पट अंतरावर दुसरं, तिप्पट अंतरावर तिसरं. चोवीस वर्तुळांत अर्धा गोल संपतो. दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यांची क्षेत्रफळं मिळवली की अर्ध्या गोलाचं पृष्ठफळ हाती येतं. ते दुप्पट केलं की परीघ गुणिले व्यास. आधीचा गणिती लल्ल याचं पृष्ठफळाचं सूत्र चूक आहे, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिलं.

मला त्या पट्ट्यांपेक्षा वर्तुळांची त्रिज्या जास्त खुणावते. ही त्रिज्या म्हणजेच कोष्टकातली ज्या. खुणेपासून २२५ कला चालून गेलं तर ती २२५ च आहे. ४५० चाललं तर ४४९. ६७५ ला ६७१, ९०० ला ८९०, ११२५ ला ११०५. सपाट शेतात खुंटीला दोर बांधून वर्तुळ काढलं तर दोराची लांबी हीच त्रिज्या. गोलावर मात्र वर्तुळ दोरापेक्षा आखूड त्रिज्येचं निघतं आणि ही तूट वाढत जाते : शून्य, एक, चार, दहा, वीस. ९०० ला दहा असलेली तूट १८०० ला ८१ होते. अंतर दुप्पट केलं की तूट जवळजवळ आठपट.

इथं मी पोरांच्या हाती खडू देतो. दोराच्या लांबीचा घन करा, तुटीच्या सहापटीने भागा, वर्गमूळ काढा. ११२५ आणि २० घेऊन ३४४५ च्या आसपास उत्तर येतं. गोलाची खरी त्रिज्या ३४३८. गोल सोडून बाहेर न जाता, आत न खणता, नुसतं त्याच्या अंगावर फिरून त्रिज्या सापडली. पृष्ठाची वक्रता पृष्ठावरच राहून मोजता येते हे गाउसनं १८२७ मध्ये सिद्ध केलं आणि आमच्या विषयाचा पाया तिथं पडला. भास्कराचार्यांनी वक्रतेचा विचार केला होता असा दावा मी करत नाही. तो त्यांच्या तोंडी घालणं हा त्यांचाच अपमान होईल. पण आकडे त्यांच्या कोष्टकात आहेत आणि ते बोलतात.

अजून एक पाऊल पुढं गेलं की गंमत वाढते. लागोपाठच्या ज्यांमधले फरक घ्या : २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०. आता या फरकांतली घट बघा : १, २, ३, ४, ५. ही घट त्या त्या ज्येला २२५ ने भागल्यावर येते तेवढीच आहे. सिद्धान्तग्रंथांत ज्या काढण्याची हीच रीत होती. आज मी फळ्यावर हेच याकोबीचं समीकरण म्हणून लिहितो. एका बिंदूतून किंचित वेगळ्या दिशांनी निघालेल्या दोन सरळ वाटा घ्यायच्या आणि त्यांच्यातलं अंतर कसं बदलतं ते बघायचं. अंतराच्या वाढीतली घट, अंतराच्या किती पट, ती पट म्हणजे वक्रता. धुळ्याला एकमेकांपासून एक किलोमीटरवर उभे राहिलेले दोघं नाकासमोर उत्तरेला चालत दिल्लीच्या अक्षांशावर पोचले तर त्यांच्यात साधारण ९४० मीटर उरतील. कुणी कुणाकडे वळलेलं नसतं.

इथूनच भौतिकशास्त्राचा रस्ता फुटतो. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तात मोकळे पडणारे दोन दगड अशाच सरळातल्या सरळ वाटांनी जातात, आणि त्यांच्यातलं अंतर बदलणं हेच गुरुत्वाकर्षणाचं न पुसता येणारं चिन्ह. एकटा दगड काही सांगत नाही. त्याच्याबरोबर आपणही पडलो तर तो जागीच दिसतो. शेजारी दुसरा हवा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत गुरुत्वीय लहर टिपली गेली तेव्हा शोधकांच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजांच्या टोकांना असलेल्या आरशांमधलं अंतरच मोजलं जात होतं. अशा लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधरांनी आयुष्य वेचलं. तसाच एक शोधक आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा करायचा आहे.

माझं स्वतःचं काम मात्र कोसंबींच्या वाटेवरचं. दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की लोकांना इतिहासकार आठवतो. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेला, हार्वर्डला शिकलेला, फर्ग्युसनमध्ये बारा वर्षं गणित शिकवणारा हा माणूस भूमितीतज्ज्ञ होता. त्यांनी प्रश्न उलटा फिरवला. आपण आधी जागा घेतो, तिच्यात अंतर मोजायची पट्टी ठेवतो आणि मग सरळ वाटा शोधतो. कोसंबी म्हणाले, वाटाच द्या. गतीची समीकरणं तेवढी हातात आहेत, पट्टी नाही. तर त्यावरून भूमिती उभी राहते का? १९३३ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्याच खंडात गणितज्ञ एली कार्तानची त्यावरची टिपणी. पुढं १९३९ मध्ये चर्न यांनी भर घातली. तिघांच्या नावानं हा सिद्धान्त ओळखला जातो. त्याच्या गाभ्याशी पुन्हा तेच : शेजारची वाट दूर जाते की जवळ येते.

प्रत्यक्ष काम म्हणजे निर्देशांकांची आकडेमोड. पानभर पदं लिहायची, निर्देशक बदलायचे, आणि जे बदललं नाही तेवढंच खरं मानायचं. गिरणेकाठच्या विद्यापीठातली संशोधक मुलं संगणकावर हे मिनिटात करून आणतात. तरी पहिलं उदाहरण मी हातानं करायला लावतो, कारण कोणतं पद कोणत्या पदाला खातं हे बोटांना कळल्याशिवाय पुढचा अंदाज बांधता येत नाही.

आमचा अडलेला प्रश्न असा. वाटा दिल्या तरी त्यांना साजेशी पट्टी मिळेलच असं नाही. ती केव्हा मिळते? स्वतः कोसंबींनी त्यावर काम केलं. दोन चलांपुरतं उत्तर जेस डग्लसनं १९४१ मध्ये दिलं, तेही प्रकरणांमागून प्रकरणं पाडून. तीन आणि त्यापुढच्या चलांसाठी तसं पूर्ण उत्तर अजून नाही. तीन चलांच्या समीकरणांचं एक छोटं कुटुंब आम्ही घेतलं आहे, ज्यात शेजारच्या वाटांचं विचलन मोजणाऱ्या सारणीची दोन मूल्यं सारखी येतात. सध्या तिथंच आहोत.