उशाची विजेरी

आषाढातील एका रात्री वसतिगृहात माझ्या शेजारी झोपणाऱ्या मित्राला विंचू चावला. मी उशाखालची विजेरी काढून बटण दाबले. उजेड पडला नाही. सरांनी कंदील घेऊन त्याला दवाखान्यात नेले. तो वाचला.

सकाळी सरांनी माझी विजेरी उघडली. सेलचे जस्ताचे कवचच झिजून वीज देते. जुना सेल आत राहिला की तो पाझरतो आणि स्प्रिंगवर क्षार धरतो. सरांनी तो काचकागदाने घासून काढला. ते रागावले नाहीत.

आज माझ्या खिशात बोटभर एलईडी विजेरी असते. ती चुकून लागू नये म्हणून झाकण पाव फेरा सैल ठेवतो आणि दर एक तारखेला लावून पाहतो. मित्राचे ते कण्हणे अजून विसरलेलो नाही.